मेडिकल फिजिक्समधलं करिअर : रेडिएशन मोजणाऱ्यांची नोकरी नक्की काय असते

रानजाई

मागे "एमएस्सी फिजिक्स झालं, आता काय" असा एक धागा होता त्यात मी एक ओळ टाकली होती की मेडिकल फिजिक्सचा विचार करा, त्यावर इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सरळ धागाच काढते. मी पुण्यात एका कॅन्सर हॉस्पिटलच्या रेडिओथेरपी विभागात फिजिसिस्ट आहे, बरीच वर्षं झाली. प्लॅनिंग (कुठून किती रेडिएशन द्यायचं ते कॉम्प्युटरवर ठरवणं) वगैरे सगळंच करावं लागतं पण माझा खरा जीव मोजमापात, म्हणजे डोसिमेट्रीत.

काम काय ते आधी सांगते. समजा डॉक्टरांनी लिहिलं ५० ग्रे, २५ वेळा विभागून. म्हणजे रोज २ ग्रे. ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल ऊर्जा, बस. ऐकायला काहीच नाही, १ ग्रेने पाण्याचं तापमान पाव मिलिडिग्रीसुद्धा वाढत नाही, आणि तेवढ्यात पेशींचं व्हायचं ते होतं. आता गंमत अशी की मशिनला ग्रे बिग्रे काही कळत नाही. लिनॅकला, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या आमच्या मशिनला, कळतात मॉनिटर युनिट्स. मशिनच्या डोक्यात एक मॉनिटर चेंबर असतो तो आकडे मोजतो आणि ठरलेला आकडा झाला की बीम बंद. तर ठराविक खोलीवर, ठराविक फील्डला (बीमच्या चौकटीच्या मापाला), १०० मॉनिटर युनिट म्हणजे १ ग्रे, हे नातं कोणीतरी लावून द्यायचं असतं आणि ते तसंच टिकलंय का हे रोज, दर महिन्याला, दर वर्षी बघायचं असतं. ते आम्ही करतो. भाजीवाल्याच्या वजनावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो ना, तसा त्या मशिनवर आमचा.

मोजतात कसं? ३० सेंटिमीटरचा चौकोनी पारदर्शक टँक, त्यात पाणी, पाण्यात १० सेंटिमीटर खोलीवर एक छोटा आयनायझेशन चेंबर. आमच्याकडे सगळ्यांचा लाडका म्हणजे फार्मर चेंबर, फ्रँक फार्मर यांनी १९५५ साली ते डिझाईन मांडलं आणि अजून तोच प्रकार चालतो. आत जेमतेम ०.६ घनसेंटिमीटर हवा. बीम गेला की हवेत आयन तयार होतात, त्यांचा चार्ज इलेक्ट्रोमीटरवर वाचायचा. १० बाय १० चं फील्ड, ६ एमव्ही बीम, १०० मॉनिटर युनिट दिले की १३ नॅनोकुलोंबच्या आसपास काहीतरी येतं. मग त्याला करेक्शन्स, तापमान आणि हवेचा दाब, पोलॅरिटी, आयन रिकॉम्बिनेशन, बीमच्या क्वालिटीचा फॅक्टर, शेवटी चेंबरचा कॅलिब्रेशन फॅक्टर, की झाला डोस. ही सगळी कृती आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या) टीआरएस ३९८ या पुस्तकात लिहिलेली आहे, ते २००० साली आलं आणि २०२४ मधे सुधारून आलं.

दिसायला बारावीच्या प्रॅक्टिकलसारखं आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या पाण्याची पातळी १ मिलिमीटर चुकली तर अर्धा टक्का जवळपास गेलाच. पाणी नळातून काढलं आणि लगेच मोजायला बसलात तर पाण्याचं तापमान वेगळं, खोलीचं वेगळं, चेंबरच्या आतल्या हवेचं अजून तिसरंच, म्हणून आम्ही आदल्या रात्रीच टँक भरून बंकरमधे, म्हणजे मशिनच्या खोलीत, ठेवतो. बादल्यांनी भरायचा, हो, पीएचडीवाले पण बादल्याच उचलतात. आणि हे सगळं पेशंट संपल्यावर, कारण दिवसभर मशिन रिकामं नसतं. नवीन मशिन लागलं की कमिशनिंगला आठवडेच्या आठवडे जातात, प्रत्येक एनर्जी, प्रत्येक फील्ड साईज, खोलीनुसार डोस, आडवे प्रोफाईल्स, सगळं स्कॅन करून प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरला द्यायचं. तेव्हा तो जो डेटा आत गेला तो पुढची दहा-बारा वर्षं प्रत्येक पेशंटला लागू होतो. म्हणून ते काम घाईत करणाऱ्या माणसाबरोबर मी काम करत नाही, एवढं स्पष्ट आहे माझं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन. रात्रपाळीत उत्तर द्यायला पुढे-मागे होतं.

---

शेंगदाणे_चिक्की

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

अमोल_सांगली

ताई मस्त लिहिलंय, मी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सॉलिड स्टेट स्पेशल. याला कोर्स कुठला करायचा आणि आमच्या सरांनी सांगितलं की बीएआरसीचा डिप्लोमाच करायचा बाकी कुठला करू नको ते खरं आहे का. आणि मला प्लॅनिंगपेक्षा इन्स्ट्रुमेंट्स आवडतात पण फक्त मोजमापावर नोकरी मिळते का? का सगळंच करावं लागतं?

---

रानजाई

अमोल, दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एमएस्सी फिजिक्स करून वर एक वर्षाचा डिप्लोमा इन रेडिओलॉजिकल फिजिक्स, ज्याला सगळे डिप आरपी म्हणतात. तो अणुशक्तीनगरला बीएआरसी चालवतं, १९६२ पासून चालू आहे, आज देशात जे ज्येष्ठ फिजिसिस्ट दिसतील त्यातले खूपसे तिथूनच आलेत. लेखी परीक्षा आणि मुलाखत असते, टक्क्यांची अट असते, जागा मोजक्या. दुसरा म्हणजे थेट मेडिकल फिजिक्समधे एमएस्सी, काही विद्यापीठांत आहे. पण फॉर्म भरायच्या आधी तो कोर्स एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) निकषात बसतो का हे बघ, कारण पुढे सगळं गाडं तिथेच अडतं. दोन्हीकडे नंतर एक वर्ष इंटर्नशिप, चालू रेडिओथेरपी विभागात. ती झाल्याशिवाय आरएसओ, म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, होता येत नाही, आणि आरएसओ नसेल तर हॉस्पिटलला मशिनच चालवता येत नाही. म्हणून नोकरीत तुझी किंमत त्या मान्यतेची जास्त असते.

सरांचं अर्धं खरं. डिप आरपीचा फायदा हा की कॅलिब्रेशनची राष्ट्रीय लॅब तिथेच आहे, चेंबर कुठून "शिक्का" घेऊन येतो ते तू डोळ्यांनी बघतोस. पण एमएस्सी वाली माझी एक सहकारी आहे, तिच्याइतकं फिल्म डोसिमेट्रीत डोकं चालणारं मी कोणी बघितलं नाही. शेवटी इंटर्नशिप कुठे केलीस याचा फरक जास्त पडतो. जिथे इंटर्नला नुसतं प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरवर बसवून ठेवतात तिथे जाऊ नकोस.

फक्त मोजमाप असं हॉस्पिटलमधे नसतं, छोट्या सेंटरला तर एक-दोनच फिजिसिस्ट, सगळं त्यांच्याच गळ्यात. शुद्ध मोजमाप हवं असेल तर बीएआरसी स्वतः, एईआरबी, टीएलडी बॅजच्या (अंगाला लागलेलं रेडिएशन नोंदवणाऱ्या बॅजच्या) मान्यताप्राप्त लॅब्ज, एक्सरे-सीटी मशिनचं क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणी, करणाऱ्या एजन्सीज, किंवा चेंबर आणि टँक विकणाऱ्या कंपन्यांचं ॲप्लिकेशन सपोर्ट. शेवटच्या ठिकाणी पगार बरा, आयुष्य सुटकेसमधे.

---

खवचट_काका

सगळं ठीक आहे हो पण ते अर्धा टक्का, एक टक्का याने खरंच काही फरक पडतो का? माणूस काय प्रयोगशाळेतला टँक आहे? पेशंट श्वास घेतो, हलतो, वजन कमी होतं त्याचं. मग हा सगळा बारकावा निव्वळ सर्टिफिकेटपुरता नाही का. डॉक्टर लोक अंदाजे ५० ग्रे लिहितात ना, ४८ का नाही आणि ५२ का नाही?

---

रानजाई

काका प्रश्न रास्त आहे, आणि असा प्रश्न मला डॉक्टरांनी पण विचारलाय.

आकडा आधी. आयसीआरयूने, म्हणजे रेडिएशनची एककं आणि मोजमापं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, १९७६ मधेच म्हटलं होतं की पेशंटला प्रत्यक्ष मिळणारा डोस ५ टक्क्यांच्या आत बरोबर हवा. ट्यूमर मरण्याची शक्यता आणि शेजारच्या चांगल्या अवयवाला इजा होण्याची शक्यता, दोन्हीचे ग्राफ मधेच एकदम उभे चढतात, त्या चढावर पाच-सात टक्क्यांनी निकाल बदलतो. आता त्या ५ टक्क्यांत पेशंटचं हलणं, सीटीमधली चूक, प्लॅनिंगचं गणित, रोजचं सेटअप हे सगळं बसवायचंय. मग माझ्या वाट्याला किती उरलं? एक-दीड टक्का. पेशंट हलतो म्हणून मी पण ढिलं सोडलं तर कसं चालेल, उलट तो हलतो म्हणूनच माझ्याकडे ढिलाईला जागा नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी मी प्रत्येक नवीन इंटर्नला पहिल्या दिवशी विचारते. चेंबर बंद डबी नसतो, त्याला बारीक भोक असतं, आतली हवा बाहेरच्या हवेसारखीच. दाब कमी तर आत हवा कमी, तर चार्ज कमी. म्हणून दाबाचं करेक्शन. स्टँडर्ड दाब १०१३ मिलिबार. मी विचारते, समज बॅरोमीटर बिघडलाय, आज दाब किती घेशील? मुलं फोन काढतात, वेदर ॲप बघतात, १०१० म्हणून सांगतात. ॲपवाले देतात तो समुद्रसपाटीला आणून ठेवलेला दाब! पुणं ५६० मीटरवर आहे, इथे खरा दाब साधारण ९५० असतो. फरक किती, ६ टक्क्यांच्या वर. त्या मुलाला वाटणार मशिन ६ टक्के कमी देतंय, तो बिचारा प्रामाणिकपणे आउटपुट वाढवून ठेवणार, आणि उद्यापासून येणारा प्रत्येक पेशंट ६ टक्के जास्त खाणार. मुंबईत शिकलेल्याला हे कधी जाणवतच नाही कारण तिथे ॲप आणि बॅरोमीटर दोन्ही सारखंच सांगतात. नाशिक, कोल्हापूर, पुणे, घाटावर कुठेही नोकरी लागली की हा प्रश्न उभा राहतो.

यात चूक अशी दिसत नाही हे वाईट आहे. मशिन एरर देत नाही. पेशंटला त्या दिवशी काही होत नाही. सर्जनचा हात घसरला तर रक्त दिसतं, इथे काहीच दिसत नाही, त्वचा जरा जास्त लाल झाली तर "प्रत्येकाचं शरीर वेगळं" म्हणून पुढे जातात लोक.

---

हेमंत_लीड्स

अगदी. इकडे यूकेत १९८८ ला एक्झिटरला रेडिओथेरपीच्या मशिनमधे नवीन किरणोत्सर्गी कोबाल्ट सोर्स बसवला, त्याचं कॅलिब्रेशन चुकलं आणि २०७ पेशंटना २५ टक्के जास्त डोस गेला. तेव्हापासून इकडे एका हॉस्पिटलच्या फिजिसिस्टने दुसऱ्या हॉस्पिटलला जाऊन स्वतःच्या चेंबरने मोजायचं ही पद्धत पक्की झाली. मी पण जातो. चहा-बिस्किटं देतात पण आपला आकडा आधी सांगत नाहीत आणि आपणही विचारायचा नाही.

अजून एक उदाहरण फ्रान्समधलं, तुलूझ, २००६ ते २००७. तिथे मशिन पण नीट होतं, दाब पण नीट, चेंबरच चुकीचा निवडला. मेंदूच्या स्टिरिओटॅक्टिक (अगदी बारीक नेम धरून केलेल्या) ट्रीटमेंटचे फील्ड एकदम छोटे, मिलिमीटरमधे, आणि ते मोजायला नेहमीचा मोठा चेंबर वापरला. बीम चेंबरपेक्षा लहान म्हटल्यावर चेंबर अर्धा कोरडाच राहणार, सरासरी कमी दाखवणार. १४५ पेशंटना चुकीचा डोस गेला, वर्षभर कळलं नाही.

अवांतर: इकडे येऊ इच्छिणाऱ्यांसाठी, एचसीपीसीकडे (आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणारी इथली संस्था) क्लिनिकल सायंटिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन लागतं, ते नसेल तर ती पदवी लावता येत नाही. भारतातला अनुभव धरतात पण पोर्टफोलिओ लिहिता लिहिता केस पिकतात. अमेरिकेला जायचं तर केम्पेप या तिथल्या संस्थेची मान्यता असलेली रेसिडेन्सी आणि एबीआरची (अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजीची) परीक्षा, ते अजूनच लांब. मोजमापाची आवड असेल तर टेडिंग्टनची एनपीएल, म्हणजे इकडची राष्ट्रीय मापन प्रयोगशाळा, एकदा तरी बघावी, तिथे ग्राफाईटचा कॅलरीमीटर आहे, म्हणजे खरोखर तापमान मोजून डोस काढतात. रानजाईंनी वर लिहिलं ना पाव मिलिडिग्री, ते अक्षरशः मोजतात हे लोक.

---

अणुशक्ती_निवृत्त

धागा उशिरा दिसला. मी या क्षेत्राच्या दुसऱ्या टोकाला होतो, म्हणजे जिथे तुमचे चेंबर येतात तिथे.

साखळी अशी असते बघा. पॅरिसजवळ सेव्हरला बीआयपीएम, तिथे जगातली राष्ट्रीय मानकं एकमेकांशी ताडून बघतात. आपल्या देशाचं मानक बीएआरसीकडे. तिथल्या कोबाल्टच्या बीममधे तुमचा चेंबर ठेवून एक आकडा दिला जातो, नॅनोकुलोंबमागे किती ग्रे. तो कागद घेऊन चेंबर परत जातो आणि दोन-तीन वर्षं त्यावर सगळा विभाग चालतो. लोक चेंबर कुरिअरने पाठवायचे तेव्हा माझा जीव वरखाली व्हायचा, आत ग्राफाईटची भिंत इतकी पातळ असते की डबा पडला की संपलं. शहाणे लोक रेल्वेने स्वतः मांडीवर घेऊन यायचे. नागपूरहून, बेळगावहून.

आणि ऑडिट. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आयएईए आणि डब्ल्यूएचओ मिळून १९६९ पासून पोस्टाने टीएलडी पाठवायचे, २०१७ पासून त्याजागी काचेचे डोसिमीटर जातात. टीएलडीच्या छोट्या कॅप्सूलमधे पावडर असायची, हॉस्पिटलने ती पाण्यात ठेवायची, स्वतःच्या हिशोबाने बरोब्बर २ ग्रे द्यायचे आणि पोस्टाने परत. मग लॅबमधे ती पावडर तापवली की ती उजेड देते, जेवढा डोस तेवढा उजेड, त्यावरून कळतं खरंच २ दिले की २.२. पाच टक्क्यांच्या आत तर पास, बाहेर गेलं की फोन. मी तो फोन करणाऱ्यांपैकी होतो. समोरचा माणूस आधी टीएलडीला दोष देतो, मग पोस्टाला, आणि मग थोडा वेळ गप्प होतो.

तरुण मुलांना एवढंच सांगेन की कोस्टारिकाचा अहवाल वाचा, आयएईएने छापलेला आहे. सान होजे, १९९६. कोबाल्टचा सोर्स बदलल्यावर ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद याऐवजी ३० सेकंद धरले गेले. एवढंच. ११५ पेशंट. त्यात कुठलंही अवघड फिजिक्स नाही, दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे मोजून बघितलं असतं तर त्याच संध्याकाळी सापडलं असतं.

---

मंजिरी_के

माझी मुलगी बीएस्सीला आहे आणि तिने हेच घ्यायचं ठरवलंय. मी धागा तिलाच दाखवायला उघडला पण आता मलाच भीती वाटायला लागली. रागावू नका पण आईच्या मनात येतं ते विचारते, आयुष्यभर रेडिएशनमधे काम म्हणजे पुढे लग्न, मूलबाळ याला काही त्रास? आमच्या नात्यात एकांनी तर सरळ सांगितलं की अशा मुलीचं स्थळ लोक घेणार नाहीत.

---

रानजाई

मंजिरीताई रागवायचं काय त्यात, माझ्या सासूबाईंनी पण हेच विचारलं होतं, आणि मला दोन मुलं आहेत, दोघंही डोकं खातात व्यवस्थित.

नीट सांगते. लिनॅक हा विजेवर चालतो, बटण बंद तर रेडिएशन बंद. आणि चालू असतो तेव्हा आम्ही आत नसतोच, दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे असतो. आत फक्त चेंबर असतो आणि त्याची लांब केबल बाहेर येते. कोबाल्टचा सोर्स मात्र कायम जिवंत असतो, पण तो शिशाच्या आणि टंगस्टनच्या डोक्यात बंद. ब्रॅकीथेरपीच्या (ट्यूमरच्या आत किंवा अगदी जवळ सोर्स नेऊन देतात त्या उपचाराच्या) इरिडियमला जास्त जपावं लागतं, सोर्स अडकला तर काय करायचं याची तालीम आम्ही नियमित करतो, लांब चिमटे, इमर्जन्सी कंटेनर, कोण कुठे पळणार हे सगळं ठरलेलं असतं.

आमच्या प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, दर तिमाहीला लॅबमधे वाचायला जातो. आपल्याकडे कामगारांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेल्या रेडिएशनचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. रेडिओथेरपीतल्या फिजिसिस्टचं रीडिंग बहुतेक वेळा शून्य किंवा शून्याच्या आसपास येतं. तुलनेला, निसर्गातूनच माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, घरी बसून. गरोदर असल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागते, कामं त्याप्रमाणे बदलून देतात. मी दोन्ही वेळा सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत काम केलंय, मला त्रास झाला तो टँकच्या बादल्यांचा, त्या उचलू देत नव्हते कोणी.

स्थळाचं म्हणाल तर असं बोलणाऱ्यांचं स्थळ आपणच घेऊ नये.

---

पोह्यात_बटाटा

शेवटच्या वाक्याला +१००

---

बॅजवाला

बॅजचा विषय निघालाच आहे तर. मी टीएलडी लॅबमधे आहे, रोज ढिगाने बॅज वाचतो. आत एका कार्डवर तीन चकत्या असतात, कॅल्शियम सल्फेट डिस्प्रोशियम टेफ्लॉनमधे बसवलेलं, एका चकतीवर धातूचा फिल्टर, एकीवर पर्स्पेक्स, एक उघडी. तिन्हींचं रीडिंग वेगवेगळं येतं त्यावरून कळतं एक्सरे होता, गॅमा होता की बीटा. आणि कधी कधी त्यावरून माणूस पण कळतो 😀 म्हणजे बॅज एप्रनच्या आत लावायचा असतो, बाहेर लावला की रीडिंग चढतं. कोट एक्सरे रूममधे खुंटीला राहिला महिनाभर, रीडिंग चढतं. असं चढलं की चौकशी, फॉर्म, सगळं. त्यामुळे काही ठिकाणी उलटाच प्रकार, विशेषतः कॅथ लॅबमधे, जिथे बॅजची सगळ्यात जास्त गरज तिथले मोठे डॉक्टर बॅज ड्रॉवरमधेच ठेवतात, तिमाहीच्या शेवटी तो कोरा करकरीत आमच्याकडे येतो. वर्षभर अँजिओप्लास्टी करणाऱ्या माणसाचं रीडिंग शून्य, कोण विश्वास ठेवेल? पण बॅज खोटं बोलत नाही, तो ड्रॉवरचं रीडिंग इमानदारीत सांगतो.

दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातलं आठवतंय का कोणाला? २०१० चा एप्रिल, दिल्ली विद्यापीठातलं वापरात नसलेलं गॅमा इरॅडिएटर लिलावात भंगारात गेलं आणि भंगारवाल्यांनी ते फोडलं, आत कोबाल्ट. एकाचा जीव गेला, बाकी काहींना वाईट इजा झाली. भंगार बाजारात कोणाच्याच हातात सर्व्हे मीटर नव्हता हो, साधा गायगर काउंटर असता तरी दारातच ओरडला असता.

---

अमोल_सांगली

सगळं वाचून अजूनच इंटरेस्ट वाढला. एक विचारायचं राहिलं, पगार? घरी पहिला प्रश्न तोच येणार. आणि मित्र म्हणतात एआय आल्यावर ह्या नोकऱ्या राहणारच नाहीत.

---

रानजाई

पगाराचं खरं सांगते. सरकारी किंवा टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी सायंटिफिक ऑफिसर सी म्हणून लागलास तर लेव्हल १०, म्हणजे ५६,१०० बेसिक, वर भत्ते. ते चांगलं आहे पण जागा कमी निघतात. खाजगीत फार वर-खाली आहे. जिल्ह्याच्या गावातल्या ट्रस्ट हॉस्पिटलला सुरुवात तुझ्या इंजिनीअर मित्रांच्या निम्म्याने होऊ शकते, आणि तिथला मॅनेजर तुला विचारेल की मशिन तर चाललंय, मग नवीन इलेक्ट्रोमीटर कशाला. हे भांडण आयुष्यभर आहे. पेशंटला डॉक्टर माहीत असतो, टेक्नॉलॉजिस्ट माहीत असतो, तू कोण हे त्याला माहीतच नसतं. ज्याला कौतुक लागतं त्याने येऊ नये. आरएसओ मान्यता आणि चार-पाच वर्षांचा अनुभव झाला की मात्र चित्र बदलतं, नवीन लिनॅक लागतायत ते आता फक्त मुंबई-पुण्यात नाही, आणि प्रत्येकाला कायद्याने माणूस लागतोच. आखातात आपली बरीच मुलं गेलीत. खारघरला ॲक्ट्रेकमधे, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, प्रोटॉन थेरपी सुरू झालीय, तिथली डोसिमेट्री म्हणजे वेगळंच प्रकरण, बीम शेवटच्या काही मिलिमीटरमधे सगळ्यात जास्त डोस टाकून थांबतो, ते थांबणं कुठे होतं हे मोजायचं.

एआयचं, हो, अवयवांच्या कडा आखणं आणि प्लॅनिंग हे झपाट्याने ऑटोमॅटिक होतंय, नुसत्या प्लॅनिंगवर जगणाऱ्यांनी सावध व्हावं. पण एआयने केलेला प्लॅन मशिनने तसाच दिला का हे शेवटी कुठल्यातरी डिटेक्टरनेच सांगायचंय, आणि तो डिटेक्टर बरोबर सांगतोय का हे दुसऱ्या डिटेक्टरने. मोजणारे शेवटपर्यंत लागतील असं मला वाटतं. माझं मत आहे, हेमंत वेगळं म्हणतील.

---

हेमंत_लीड्स

नाही नाही सहमत. आमच्याकडे आखणी जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर करतं आता, पण मासिक आउटपुटला मीच पाण्यात हात घालतो. फक्त इकडे बादल्या नाहीत, पंप आहे.

---

रानजाई

पंप आमच्याकडे पण आहे हेमंत, गेल्या पावसाळ्यात बिघडला, दुरुस्तीची फाईल खरेदी विभागात फिरतेय.

अमोल, मुलाखतीला जाशील तेव्हा तुझं सॉलिड स्टेट कामाला येईल. टीएलडीमधे इलेक्ट्रॉन ट्रॅपमधे कसा अडकतो आणि तापवल्यावर उजेड का येतो, ग्लो कर्व्हला वेगवेगळे पीक का असतात, लिथियम फ्लुओराईड पुन्हा वापरायच्या आधी ४०० डिग्रीला तासभर का भाजतात, हे नीट करून जा. हमखास विचारतात. दुसरं ब्रॅग-ग्रे कॅव्हिटी, हवेत मोजलेल्या चार्जवरून पाण्यातला डोस कोणत्या हिमतीवर सांगता हा सगळा पाया तिथे आहे. पाठ करू नको, कागदावर एकदा स्वतः काढ. आणि कोबाल्टचा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का कमी होतो, हे तोंडी यायला हवं.

---

अमोल_सांगली

थँक्यू ताई! ब्रॅग-ग्रे आमच्या सिलॅबसला नाहीये, न्यूक्लिअरच्या सरांना विचारतो. इंटर्नशिपच्या वेळी व्यनि करेन.

---

अणुशक्ती_निवृत्त

सरांना विचार पण त्याआधी वर म्हटलेला टीआरएस ३९८ उतरवून घे, आयएईएच्या साईटवर फुकट आहे. सुरुवातीची प्रकरणं शांतपणे वाच, वर्कशीट्स शेवटी आहेत.

---

खवचट_काका

बरं मानलं तुम्हाला, ते वेदर ॲपचं वाचून मी घरच्या बॅरोमीटरशी ताडून बघितलं, खरंच साठचा फरक आला. आता एक शेवटचं, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाईल टॉवर बसवतायत आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक म्हणतात रेडिएशनने कॅन्सर होतो. तुमचा तो फार्मर चेंबर आणून मोजून द्याल का? चहा-पोहे देतो.

---

रानजाई

काका, टॉवरचं रेडिएशन नॉन-आयोनायझिंग, त्याने हवेत आयनच होत नाहीत, फार्मर चेंबर तिथे दिवसभर शून्य दाखवत बसेल. ते मोजायची यंत्रं वेगळी, माणसं वेगळी, दूरसंचार विभागाकडे त्याची सोय आहे. वेगळा धागा काढा, या धाग्यावर टॉवर आला की दोनशे प्रतिसाद तिथेच जातील. पोह्यांना मात्र येईन.